पहाटे सव्वापाचला आकडे थांबले

२५ नोव्हेंबर २०२०, बुधवार. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर भागात ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचा, म्हणजे एडब्ल्यूएसचा, 'यूएस-ईस्ट-१' हा सर्वांत जुना विभाग आहे. त्या दिवशी तिथली एक सेवा कोसळली आणि तिच्यावर विसंबलेल्या इतर सेवा एकामागून एक अडखळत गेल्या. असंख्य ग्राहकांच्या व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालू होत्या, पण त्यांचा सीपीयू किती राबतो आहे हे सांगणारे आकडेच येईनासे झाले.

एडब्ल्यूएसने नंतर या घटनेचा सविस्तर वृत्तांत स्वतःच प्रसिद्ध केला. खाली दिलेल्या वेळा त्यातल्याच, पॅसिफिक प्रमाणवेळेच्या आहेत. कंसात भारतीय वेळ दिली आहे. हा घटनाक्रम आज पुन्हा मांडण्याला कारण आहे. व्हीएम सांभाळणारी माणसे दिवसभरात सर्वाधिक वेळा जो आकडा पाहतात तो सीपीयूचा टक्का. यंत्र बरे आहे की आजारी, नवी यंत्रे जोडायची की असलेली कमी करायची, हे बहुतेक ठिकाणी त्याच्यावरून ठरते. तो टक्का काय सांगतो, काय सांगू शकत नाही आणि तो आलाच नाही तर काय समजायचे, हे त्या दिवशी तासागणिक उघड होत गेले.

आधीची काही वर्षे

एडब्ल्यूएसने भाड्याने व्हीएम देणारी ईसी२ ही सेवा २००६ मध्ये सुरू केली. २००९ मध्ये क्लाउडवॉच आणि ऑटो स्केलिंग या दोन सेवा बरोबरीने आल्या. क्लाउडवॉच प्रत्येक व्हीएमच्या सीपीयूचा वापर टिपते, साध्या योजनेत दर ५ मिनिटांनी आणि तपशीलवार योजनेत दर मिनिटाला. ऑटो स्केलिंग ते आकडे वाचते आणि व्हीएमची संख्या वाढवते किंवा घटवते. तेव्हापासून सीपीयूचा टक्का नुसता बघण्यापुरता राहिला नाही. माणसाला न विचारता निर्णय घेणाऱ्या यंत्रणेचे तो इंधन झाला.

२०१३ मध्ये कायनेसिस ही सेवा आली. सतत वाहत येणारा डेटा जागच्या जागी हाताळणे हे तिचे काम. पुढे क्लाउडवॉचनेही आपल्याकडे येणारे आकडे आणि लॉग हाताळण्यासाठी कायनेसिसचाच आधार घेतला. म्हणजे २०२० च्या नोव्हेंबरात साखळी अशी होती: व्हीएमचा सीपीयू, तो मोजणारे क्लाउडवॉच, त्याच्याखाली कायनेसिस आणि या सगळ्यावर बेतलेले ऑटो स्केलिंगचे निर्णय. आलेख पाहणाऱ्याला यातली शेवटची रेघ तेवढी दिसत होती.

पहाटे २.४४ (दुपारी ४.१४): उरले २ तास ३१ मिनिटे

कायनेसिसची क्षमता थोडी वाढवण्याचे काम सुरू झाले. वृत्तांताच्या शब्दांत सांगायचे तर ही भर तुलनेने लहान होती.

कायनेसिसची रचना दोन थरांची आहे. मागच्या थरातले सर्व्हर प्रत्यक्ष डेटा हाताळतात. पुढच्या थरातले सर्व्हर आलेली विनंती कुणाची आहे ते तपासतात, तिला मर्यादा लावतात आणि ती मागच्या नेमक्या गटाकडे पाठवतात. कोणता डेटा कोणत्या गटाकडे आहे याचा नकाशा पुढच्या प्रत्येक सर्व्हरला स्वतःजवळ बाळगावा लागतो. तो ताजा ठेवण्यासाठी हे सर्व्हर आपसांत सतत बोलत असतात. त्यासाठी प्रत्येक सर्व्हर पुढच्या थरातल्या इतर प्रत्येक सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडून एक थ्रेड मागून घेतो.

धोका या शेवटच्या वाक्यात दडलेला होता. उदाहरणादाखल ५,००० सर्व्हरचा ताफा धरा. प्रत्येकाकडे ४,९९९ थ्रेड असतील. त्यात ५० नवे सर्व्हर जोडले तर विनंत्यांचा भार वाटला जाऊन प्रत्येकाचे काम किंचित हलके होईल. थ्रेड मात्र प्रत्येकाकडे ५० नी वाढतील, जुन्यांकडेही आणि नव्यांकडेही. क्षमता वाढवली की प्रत्येक यंत्रावरचा ताण घटतो हा आपला नेहमीचा अनुभव. थ्रेडच्या बाबतीत इथे नेमके उलट घडत होते, आणि ते एकाच वेळी सगळ्या ताफ्यात घडत होते.

पहाटे ३.४७ (सायंकाळी ५.१७): उरला १ तास २८ मिनिटे

नवे सर्व्हर जोडून झाले. काही बिघडल्याची एकही खूण नव्हती.

जुन्या सर्व्हरना नवे सोबती आल्याचे कळायला एक तासापर्यंत वेळ लागत असे. त्यामुळे केलेला बदल आणि त्याचा परिणाम यांच्यात अंतर पडले. हात फिरवला आणि लगेच आलेख हलला असे असते, तर कारण शोधणे सोपे गेले असते. इथे काम संपवून माणसे निघून जाण्याइतका वेळ मध्ये होता.

या टप्प्यावर सीपीयूच्या टक्क्याची पहिली मर्यादा समजून घेतली पाहिजे. थ्रेड अस्तित्वात असणे आणि थ्रेडने सीपीयू वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या सर्व्हरकडून निरोप येण्याची वाट पाहणारा थ्रेड झोपलेला असतो. तो मेमरीत थोडी जागा अडवतो, ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत एक ओळ अडवतो आणि सीपीयूचा वेळ जवळजवळ घेतच नाही. लिनक्समधल्या 'लोड ॲव्हरेज' या आकड्यातही तो धरला जात नाही, कारण तो आकडा धावणारी किंवा डिस्कसारख्या अडथळ्यापाशी अडकलेली कामे मोजतो. म्हणून असे हजारो थ्रेड साचत गेले तरी त्यांची वाढ सीपीयूच्या आलेखात दिसेल अशी अपेक्षा करता येत नाही. ते पाहायचे तर थ्रेडच मोजावे लागतात आणि त्या संख्येशेजारी तिची कमाल मर्यादा लिहावी लागते.

पहाटे ४.४७ (सायंकाळी ६.१७): उरली २८ मिनिटे

हिशोबाने पाहिले तर ही एका तासाची मुदत संपण्याची वेळ. आता शेवटच्या जुन्या सर्व्हरलाही नव्यांचा पत्ता लागलेला असणार. विभागातल्या ग्राहकांच्या व्हीएमचे आकडे अजून नेहमीसारखे येत होते. जे आकडे अर्ध्या तासात दिसेनासे होणार होते, ते असतानाही आपण कसे वाचतो हे पाहायला ही २८ मिनिटे योग्य आहेत.

समजा एका व्हीएमच्या आलेखावर ४० टक्के दिसत आहेत. पहिला प्रश्न: ही सरासरी किती वेळाची? ५ मिनिटांपैकी २ मिनिटे सीपीयू १०० टक्के राबला आणि ३ मिनिटे रिकामा राहिला, तरी सरासरी ४० च येते. त्या २ मिनिटांत ताटकळलेल्या ग्राहकाला मात्र सरासरीचा काही उपयोग नसतो.

दुसरा प्रश्न: ही सरासरी किती सीपीयूंची? आठ व्हर्च्युअल सीपीयू असलेल्या यंत्रात एकच थ्रेड एका सीपीयूला पूर्ण जुंपून बसला, तर एकूण वापर १२.५ टक्के दिसतो. त्या थ्रेडच्या दृष्टीने यंत्राची ताकद संपलेली असते.

तिसरा प्रश्न: व्हर्च्युअल सीपीयू म्हणजे प्रत्यक्षात काय? इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या बहुतेक क्लाउड व्हीएममध्ये तो अख्खा कोअर नसतो, कोअरच्या दोन हायपरथ्रेडपैकी एक असतो. दोन्ही हायपरथ्रेड एकाच वेळी कामाला लागले की त्यांना कोअरमधली तीच साधने वाटून घ्यावी लागतात. त्यामुळे वापर ५० टक्के आहे म्हणजे अजून तेवढेच काम मावेल असा हिशोब करता येत नाही. वरचे ५० टक्के खालच्या ५० टक्क्यांइतके काम देत नाहीत.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो: व्हीएमला हवा तेव्हा सीपीयू मिळतो का? एका भौतिक यंत्रावर अनेक व्हीएम राहतात आणि कोणाला कोअर कधी द्यायचा हे हायपरव्हायजर ठरवतो. वाड्यातल्या सामाईक नळासारखी ही व्यवस्था आहे: माझी बादली किती भरली हे मला दिसते, पण मी रांगेत किती वेळ उभा होतो याची नोंद वेगळी ठेवावी लागते. व्हीएम धावायला तयार असूनही कोअर मिळाला नाही, त्या वेळेला लिनक्समध्ये 'स्टील' म्हणतात. 'टॉप' किंवा 'व्हीएमस्टॅट' चालवले की 'एसटी' या नावाखाली तो दिसतो. व्हीएमवेअरमध्ये हीच प्रतीक्षा बाहेरून मोजतात आणि तिला 'सीपीयू रेडी' म्हणतात.

हा रेडीचा आकडा वाचताना पुष्कळांची गफलत होते. व्हीएमवेअरच्या तात्काळ आलेखात तो मिलिसेकंदांत येतो आणि प्रत्येक नोंद २० सेकंदांची असते. १,००० मिलिसेकंद म्हणजे २०,००० पैकी १,०००, म्हणजे ५ टक्के. शिवाय पूर्ण व्हीएमचा रेडी हा तिच्या सगळ्या व्हर्च्युअल सीपीयूंची बेरीज असतो. तो आकडा सीपीयूंच्या संख्येने भागला नाही, तर चार सीपीयूंची व्हीएम उगाच चौपट आजारी वाटते. दुसऱ्या बाजूला, काही ठिकाणी हायपरव्हायजर ही प्रतीक्षा व्हीएमला कळवतच नाही. मग आत 'एसटी' शून्य दिसतो आणि बाहेर व्हीएम रांगेत उभी असते. स्टील शून्य असणे आणि स्टील न कळवले जाणे यांत फरक आहे. तो फरक आपल्या यंत्रणेत कसा ओळखायचा हे आधीच माहीत असायला हवे.

शेवटचे उदाहरण ईसी२ मधलेच. टी२-मायक्रो या छोट्या व्हीएमला एका व्हर्च्युअल सीपीयूचे १० टक्के कायमचे मिळतात. त्याहून जास्त हवे तर साठवलेली क्रेडिट खर्चावी लागतात. एक क्रेडिट म्हणजे एक सीपीयू १०० टक्के क्षमतेने एक मिनिट. तासाला ६ क्रेडिट जमा होतात आणि जास्तीत जास्त १४४ साठतात. ती संपली की यंत्राला हळूहळू १० टक्क्यांवर आणून ठेवले जाते. बाहेरच्या आलेखावर तेव्हा १० टक्क्यांची सपाट, शांत रेघ दिसते. आत 'एसटी' चढलेला असतो आणि प्रत्येक विनंती रेंगाळत असते. क्रेडिटची शिल्लक न पाहता ती रेघ वाचणारा माणूस यंत्र निवांत आहे असेच म्हणेल.

यावरून एवढे स्पष्ट होते की व्हीएमच्या आतला आकडा आणि बाहेरचा आकडा वेगळे येऊ शकतात आणि तरी दोन्ही खरे असू शकतात. ते दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

पहाटे ५.१५ (सायंकाळी ६.४५): पडझड

कायनेसिसमध्ये डेटा टाकताना आणि काढताना चुका येऊ लागल्या आणि पहिले अलार्म वाजले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे सव्वाआठ झाले होते; लोक कामाला लागत होते. पुण्यात आणि हैदराबादमध्ये अमेरिकी ग्राहकांच्या यंत्रणा सांभाळणाऱ्यांची संध्याकाळची पाळी सुरू होण्याची ही वेळ.

त्याच मिनिटाला क्लाउडवॉचही अडखळले. आकडे आणि लॉग स्वीकारण्यात चुका होऊ लागल्या. काही आकडे दिवसभर येत राहिले, पण बहुसंख्य आकड्यांवर प्रक्रिया होईना. क्लाउडवॉचचा अलार्म तीनपैकी एका अवस्थेत असतो: सर्व ठीक, धोका आणि पुरेसा डेटा नाही. विभागातले अलार्म तिसऱ्या अवस्थेत गेले.

ही तिसरी अवस्था नीट समजून घ्यावी अशी आहे. आकडा न येणे म्हणजे शून्य नव्हे, ठीक नव्हे आणि धोकाही नव्हे. आकडा आला नाही तर काय धरायचे हे क्लाउडवॉच प्रत्येक अलार्मसाठी ठरवू देते: हद्द ओलांडली असे धरा, ओलांडली नाही असे धरा, आहे तीच अवस्था ठेवा, किंवा डेटा नाही असे सांगा. आपण काही निवडले नाही तर शेवटचा पर्याय लागू होतो. 'ओलांडली नाही असे धरा' हा पर्याय निवडलेला अलार्म अशा दिवशी हिरवा राहतो, आणि त्या हिरव्या रंगाला काही आधार नसतो.

ऑटो स्केलिंगच्या रचनाकारांनी हा भेद जपलेला आहे. ठरावीक सीपीयू टक्का राखण्याचे धोरण लावले असेल आणि आकडेच आले नाहीत, तर ती यंत्रणा वापर कमी झाला असे मानत नाही आणि म्हणून व्हीएम काढून टाकत नाही. त्याच कारणाने ती नव्या व्हीएम जोडूही शकत नाही. आकड्यांवर चालणारी स्केलिंगची धोरणे त्या दिवशी उशिराने चालली आणि ही स्थिती संध्याकाळपर्यंत टिकली. पूर्वेकडच्या सकाळी भार वाढायच्या वेळीच हे झाले.

वृत्तांतात आधीपासून चालू असलेल्या व्हीएम बंद पडल्याची नोंद नाही. अशा वेळी व्हीएमच्या आत शिरून पाहणे हाच भरवशाचा मार्ग असतो. लिनक्सचा कर्नल '/प्रोक/स्टॅट' या फाइलमध्ये यंत्र सुरू झाल्यापासूनचे हिशोब ठेवतो: वापरकर्त्याच्या कामाला किती वेळ गेला, सिस्टिमच्या कामाला किती, रिकामा किती, डिस्कच्या प्रतीक्षेत किती, स्टीलमध्ये किती. टक्का हा त्या हिशोबाच्या दोन नोंदींमधल्या वजाबाकीतून निघतो. 'सार' हे साधन बसवून सुरू ठेवलेले असेल, तर मागच्या नोंदीही त्याच यंत्रावर सापडतात. बाहेरचा आलेख कोरा पडला तरी यंत्राचा स्वतःचा हिशोब चालू असतो.

सकाळी ६.१५ (सायंकाळी ७.४५): पडझडीनंतर १ तास

लॅम्डा ही छोटे प्रोग्रॅम चालवणारी सेवा. तिच्यात प्रत्येक वेळी प्रोग्रॅम चालला की त्याचे आकडे क्लाउडवॉचला पाठवावे लागत. क्लाउडवॉच घेत नाही म्हटल्यावर ते आकडे यंत्रावरच साचवले जात होते. तासाभरात साठा इतका वाढला की यंत्रांच्या मेमरीत ओढाताण सुरू झाली आणि ग्राहकांचे प्रोग्रॅम चुका देऊ लागले.

मोजमाप फुकट नसते हे इथे दिसले. मोजणारा एजंट त्याच यंत्राचा सीपीयू आणि त्याच यंत्राची मेमरी वापरतो. आकडे पोचवण्याची वाट बंद झाली तर त्याने किती साठवायचे आणि कुठे हात झटकायचे, याची मर्यादा आधी ठरवलेली नसेल, तर मोजणाराच मोजल्या जाणाऱ्याला आजारी पाडतो.

सकाळी ७.०१ (रात्री ८.३१): १ तास ४६ मिनिटे

लॉगइनची सेवा असलेल्या कॉग्निटोचे हाल वाढले. तीही वापराचा तपशील कायनेसिसकडे पाठवत होती. हे काम जमले तर करायचे, नाही तर सोडून द्यायचे, अशा हेतूने रचलेले होते. पण साठवणुकीच्या कोडमध्ये एक सुप्त दोष होता. कायनेसिस दीर्घकाळ बंद राहिल्यावर तो जागा झाला आणि कॉग्निटोचे वेबसर्व्हर तुंबलेल्या साठ्यापाशी थांबून राहू लागले. सुरुवातीला जादा क्षमता जोडून थोडा आराम मिळाला होता. सात वाजता तोही संपला.

थांबलेला सर्व्हर सीपीयू वापरत नाही. विनंत्या अडलेल्या असताना सीपीयूचा टक्का खाली येणे ही अशा बिघाडाची नेहमीची खूण आहे. ज्या यंत्रणेला कमी टक्का म्हणजे रिकामे यंत्र एवढेच शिकवले आहे, ती अशा वेळी सर्व्हर कमी करू पाहील. म्हणून सीपीयूच्या रेघेशेजारी पूर्ण झालेल्या विनंत्यांची रेघ हवीच. दोन्ही एकत्र खाली आल्या तर गर्दी ओसरली की वाट अडली, हे तिसरी रेघ सांगते: आत आलेल्या विनंत्यांची.

ग्राहकांना काय चालले आहे ते सांगणारा जाहीर फलकही सुरुवातीला अद्ययावत करता येईना, कारण तो भरण्याचे साधन कॉग्निटोवरच अवलंबून होते. पर्यायी साधन होते आणि ते चाललेही, पण हाताने जास्त करावे लागणारे आणि कर्मचाऱ्यांच्या सवयीचे नसलेले. त्यात वेळ गेला. तोवर घरातल्या रोबोट झाडूचे ॲप चालवणाऱ्या आयरोबॉटपासून रोकू आणि ॲडोब स्पार्कपर्यंत अनेकांच्या सेवांना झळ पोचली होती.

सकाळी ७.५१ (रात्री ९.२१): २ तास ३६ मिनिटे

कायनेसिसच्या अभियंत्यांनी संशयितांची यादी दोन-चार कारणांवर आणली. नवी क्षमता खबरदारी म्हणून काढून घेणे आधीच सुरू झाले होते. आघाडीचा संशय मेमरीवरच्या ताणावर होता. कारण कोणतेही निघो, पुढच्या थरातला प्रत्येक सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागणार हे नक्की झाले होते.

त्यात घाई करता येत नव्हती. सुरू होणाऱ्या सर्व्हरला नकाशा बांधायचा असतो आणि त्याच वेळी विनंत्याही हाताळायच्या असतात. दोन्ही कामे त्याच साधनांवर हक्क सांगतात. फार सर्व्हर एकदम आणले तर ते मंद पडणार, मंद पडले म्हणून आजारी ठरणार आणि ताफ्यातून बाहेर काढले जाणार. नव्या व्हीएमचा सीपीयू पहिल्या काही मिनिटांत चढलेला असणे हे बहुधा तयारीचे लक्षण असते. तिला स्थिरावायला वेळ न देता इतरांच्याच मापाने तपासले, तर बरे होणारे यंत्र आपण स्वतः मारतो.

सकाळी ९.३९ (रात्री ११.०९): ४ तास २४ मिनिटे

मूळ कारण सिद्ध झाले. मेमरी निर्दोष होती. नव्या क्षमतेमुळे ताफ्यातल्या सगळ्या सर्व्हरवर थ्रेडची संख्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका सेटिंगने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली होती. नकाशा पुरा बांधला जात नव्हता आणि अर्धवट नकाशा घेऊन बसलेल्या सर्व्हरना विनंती कुठे पाठवायची ते कळत नव्हते.

पावणेआठ ते पावणेदहा हा काळ मला या दिवसातला सर्वांत आदरणीय भाग वाटतो. हाताशी पटण्याजोगे कारण होते, बाहेर जगभरचा दबाव होता, आणि तरी त्यांनी पुरावा मिळेपर्यंत रीस्टार्ट रोखून धरला. मेमरीचा अंदाज मानून ताफा फिरवला असता आणि तो चुकला असता, तर दुरुस्तीचा वेळ दुप्पट झाला असता, असे वृत्तांतच सांगतो. चढलेला आकडा हा कारणही असू शकतो आणि परिणामही. दोन्हीचा आलेख सारखाच दिसतो. निवाडा पुराव्यानेच होतो. थ्रेडची मर्यादा चाचणीविना वाढवायचा मोहही त्यांनी टाळला. जादा सर्व्हर काढून झालेच होते, त्यामुळे संख्या पुन्हा मर्यादेत येणार होती.

सकाळी १०.०७ ते दुपारी ४.१५ (रात्री ११.३७ ते पहाटे ५.४५)

१०.०७ ला सर्व्हरचा पहिला गट काम घेऊ लागला. ताफा अनेक हजारांचा आणि वेग ताशी काही शे सर्व्हरचा, त्यामुळे वाट लांबची होती. १०.१५ ला कॉग्निटोचे कायनेसिसवरचे अवलंबन कमी करणारा बदल लागू होऊ लागला आणि दुपारी २.१८ ला ती सेवा पूर्ववत झाली. लॅम्डातली मेमरीची ओढाताण १०.३६ च्या उपायानंतर सुटली. दुपारी १२ पासून कायनेसिसच्या चुका सातत्याने उतरत गेल्या. ४.१५ पर्यंत कंटेनरच्या सेवांमधले बहुतेक अडथळे दूर झाले.

सायंकाळी ५.४७ ते रात्री १०.३१ (सकाळी ७.१७ ते दुपारी १२.०१)

५.४७ ला क्लाउडवॉचमध्ये सुधारणेची पहिली चिन्हे दिसली आणि स्केलिंगच्या धोरणांना पुन्हा आकडे मिळू लागले. सव्वापाचपासून मोजले तर १२ तास ३२ मिनिटे झाली होती. १०.२३ ला कायनेसिस पूर्ण पूर्ववत झाले, १०.३१ ला क्लाउडवॉच. रखडलेले आकडे नंतर भरले गेले. जे साठवताच आले नव्हते त्यांच्या जागी आलेखांत कायमच्या रिकाम्या जागा राहिल्या.

त्या रिकाम्या जागांचाही अर्थ लावावा लागतो. महिन्याची सरासरी काढताना त्या शून्य धरल्या तर वापर कमी दिसतो, वगळल्या तर सर्वांत कठीण दिवस हिशोबातून निसटतो. पुढच्या वर्षासाठी किती व्हीएम घ्यायच्या हे ठरवणाऱ्याने तिथे २५ नोव्हेंबर २०२० अशी टीप लिहिलेली असली पाहिजे.

त्यानंतर

एडब्ल्यूएसने जाहीर केलेल्या उपायांपैकी पहिला लक्षात ठेवण्यासारखा आहे: पुढच्या थरासाठी अधिक सीपीयू आणि अधिक मेमरी असलेले मोठे सर्व्हर. यामुळे सर्व्हरची संख्या घटते आणि त्याबरोबर प्रत्येकावरचे थ्रेडही घटतात. सीपीयू कमी पडला म्हणून हा उपाय नव्हता. संख्या जास्त झाली म्हणून होता. जोडीला थ्रेडच्या वापरावर बारीक लक्ष ठेवणारे अलार्म आले. क्लाउडवॉचसारख्या मोठ्या सेवांसाठी कायनेसिसचा वेगळा ताफा करायचे ठरले. क्लाउडवॉचने अलीकडचे आकडे आपल्याजवळच ठेवायचे ठरवले, म्हणजे कायनेसिस पडले तरी अलार्म आणि ऑटो स्केलिंग उपाशी राहू नयेत.

ज्यांच्याकडे अनेक हजार सर्व्हर नाहीत, दहा-वीस व्हीएम आहेत, त्यांनाही यातले काम आजच करता येईल. सीपीयूच्या प्रत्येक आलेखाखाली लिहा: हा कुठून मोजला, व्हीएमच्या आतून की बाहेरून, सरासरी किती वेळाची आणि किती सीपीयूंची. त्याच्याशेजारी स्टील किंवा रेडी ठेवा, क्रेडिटची शिल्लक ठेवा, पूर्ण झालेल्या विनंत्या ठेवा. ज्या गोष्टींना कमाल मर्यादा आहे, मग ते थ्रेड असोत, उघड्या फाइल असोत की जोडण्या, त्यांची संख्या आणि मर्यादा एकत्र दाखवा. आणि प्रत्येक अलार्मबाबत एक निर्णय लेखी घ्या: आकडा आला नाही तर काय धरायचे.

मग एखाद्या कामाच्या दिवशी, सगळ्यांना सांगून, चाचणीच्या यंत्रणेतले आकडे तासभर बंद करा. कोणता अलार्म वाजतो, कोणता आलेख उगाच हिरवा राहतो, स्केलिंग काय करते आणि आपली माणसे कोणती कमांड आधी चालवतात हे टिपून घ्या. त्या तासात ज्यांना आकड्यांशिवाय यंत्राची स्थिती सांगता आली नाही, त्यांना आकडे असतानाही ती पूर्ण कळत नव्हती. ते शिकायला चाचणीचा एक तास पुरतो. व्हर्जिनियात त्याची किंमत दिवसभर मोजावी लागली.